वैद्यकीय उपकरणांचे अभियंते घडविताना

(आगरदांडा, ता. मुरुड, जि. रायगड येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘जैववैद्यकीय अभियांत्रिकी’ हा शब्द उच्चारावयास जड असला, तरी त्याचा विषय प्रत्येक घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचलेला आहे. आशा सेविकेच्या पिशवीतील तापमापक आणि तान्ह्या मुलाचे वजन घेण्याचा काटा, ग्रामीण रुग्णालयातील प्राणवायूचे यंत्र, बोटाला टोचून घेतलेल्या थेंबभर रक्तावरून साखर सांगणारी छोटी डबी, हृदयात बसविलेली कृत्रिम झडप ही सारी वैद्यकीय उपकरणे होत. औषध कोणी शोधून काढले याची वार्ता वर्तमानपत्रांत येते. उपकरण कोणी योजिले, कोणी घडविले आणि कोणासाठी घडविले, याची चौकशी मात्र सहसा होत नाही. ती होणे अगत्याचे आहे, कारण भारतात वापरल्या जाणाऱ्या वैद्यकीय उपकरणांपैकी मूल्याच्या हिशेबाने सुमारे 70 ते 80 टक्के उपकरणे अद्यापही परदेशांतून येतात.

परदेशातून आलेले उपकरण वाईट असते असा याचा अर्थ नव्हे. ते ज्या रुग्णालयासाठी योजिलेले असते तेथे ते उत्तम चालते. तेथील खोली वातानुकूलित असते, विजेचा दाब स्थिर असतो, बिघाड झाल्यास तंत्रज्ञ त्याच दिवशी हजर होतो. येथे, राजपुरी खाडीच्या मुखाशी, परिस्थिती निराळी आहे. खारे वारे बारमाही वाहतात. पावसाळ्याचे चार महिने हवेत इतकी आर्द्रता असते की घरातल्या कपाटाच्या बिजागऱ्याही गंजतात. मग विद्युत् मंडलातील केसाएवढ्या तारांची आणि जोडण्यांची कथा काय सांगावी? 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले, तेव्हा मुरुड आणि श्रीवर्धन तालुक्यांतील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. भिंतीतल्या विजेखेरीज न चालणारे यंत्र त्या दिवसांत केवळ शोभेची वस्तू होते. समोर दिघीचा किनारा दिसतो खरा, परंतु समुद्र खवळला की जलवाहतूक खोळंबते आणि खाडीला वळसा घालून जाण्यात वेळ मोडतो. जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे पन्नासाहून अधिक किलोमीटरांवर. उपकरण घडविणाऱ्या विद्यार्थ्याने ही सर्व माहिती आपल्या आराखड्यातच गृहीत धरावयास हवी. पण ती त्याला वर्गात कोण सांगणार?

या प्रश्नाचे गांभीर्य आकड्यांवरून ध्यानी येईल. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या अंतर्गत 2015 साली उपकरणांच्या देखभालीचा जो कार्यक्रम हाती घेण्यात आला, त्यासाठी देशभर मोजदाद झाली. 29 राज्यांतील 29,115 शासकीय आरोग्य संस्थांमध्ये 7,56,750 उपकरणे आढळली. त्यांची किंमत सुमारे 4,564 कोटी रुपये होती. निरनिराळ्या राज्यांत त्यांपैकी 13 ते 34 टक्के उपकरणे नादुरुस्त होती. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोळा गरीब देशांतील सुमारे 1 लाख 12 हजार उपकरणांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा 38 टक्के उपकरणे बंद असल्याचे दिसले. म्हणजे हे दुखणे आपल्या एकट्याचे नाही. ते उपकरणांच्या घडणीतच आहे. दुरुस्तीसाठी पैसा हवा, तंत्रज्ञ हवेत, सुटे भाग हवेत, हे सर्व खरेच. तथापि जे यंत्र उघडण्यासाठी खास हत्यार लागते आणि ज्याचा एक भाग बिघडला म्हणजे सबंध यंत्र परत पाठवावे लागते, त्या यंत्राचा दोष दुरुस्त करणाऱ्याच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही.

आता उपकरण योजावे कसे याचा एक धडा महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, फार पूर्वी गिरविला गेला आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 1980 नंतरच्या दशकात तेथे ‘सर्च’ या संस्थेद्वारा कामास प्रारंभ केला. खेड्यांतील अर्भके न्यूमोनियाने दगावत होती. न्यूमोनिया ओळखण्याची एक सोपी खूण वैद्यकशास्त्रास ठाऊक आहे : दोन महिन्यांहून लहान मूल मिनिटाला 60 किंवा अधिक वेळा श्वास घेत असेल, अथवा दोन महिने ते एक वर्ष वयाचे मूल 50 किंवा अधिक वेळा, तर धोका समजावा. खूण सोपी, पण ती पाहणार कोण? डॉक्टर दूर होते. गावात दाई होती. तिला अक्षरओळख नव्हती, घड्याळ वाचता येत नव्हते आणि साठपर्यंत अंक मोजण्याचा सराव नव्हता.

अशा वेळी दोन मार्ग संभवतात. दाईस गणित शिकवावे, किंवा गणित उपकरणात घालून दाईच्या हाती द्यावे. गडचिरोलीत दुसरा मार्ग पत्करला गेला. एका छोट्या चौकटीत मण्यांच्या दोन ओळी आणि सोबत एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ, एवढेच ते श्वासमापक. वाळू उलटावयाची, मुलाच्या छातीकडे पाहावयाचे आणि दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. दहापर्यंत मोजणे दाईस येत होतेच. एक ओळ अगदी तान्ह्या बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्या बाळासाठी. प्रत्येक ओळीत पांढऱ्या मण्यांनंतर एक लाल मणी. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याशी हात पोहोचला तर मूल आजारी, उपचार सुरू करावयाचे. बॅटरी नाही, काच सोडल्यास फुटण्याजोगे काही नाही, वाचावयाचे काही नाही. गडचिरोलीतील न्यूमोनियाविरोधी कार्यक्रमामुळे बालमृत्यू घटल्याचा वृत्तान्त 1990 साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केला, आणि पुढे तेथील गृहाधारित नवजात बालसेवेचा नमुना 2011 पासून देशभरच्या आशा सेविकांच्या कामात उतरला. अर्थात मृत्यू घटले ते एकट्या श्वासमापकामुळे नव्हेत. औषध, प्रशिक्षण, देखरेख, लोकांचा विश्वास या सर्वांचा त्यात वाटा आहे. परंतु मण्यांच्या त्या चौकटीवाचून साखळीची पहिली कडीच जुळली नसती.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे हे उदाहरण ठेवले तर काहींना ते अभियांत्रिकी वाटतच नाही. त्यात संगणक नाही, संवेदक नाही. ही समजूत प्रथम दूर करावयास हवी. अंकगणित कोणाच्या डोक्यात ठेवावयाचे आणि कोणते यंत्रावर सोपवावयाचे, हा निर्णय म्हणजेच आराखडा होय. तो मण्यांनी अमलात आणावा की सिलिकॉनच्या चकतीने, हा प्रश्न नंतरचा.

खुद्द रायगड जिल्ह्यातील एक उदाहरण उपकरणाचे नसून औषधाचे आहे. पण निरीक्षणाची शिस्त म्हणजे काय हे त्याइतके दुसऱ्या कशातून क्वचितच दिसेल. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. कोकणातील लाल विंचवाचा दंश हा त्या काळी जिवावरचा प्रसंग असे. रुग्णालयात आलेल्या गंभीर रुग्णांपैकी शेकडा तीसच्या आसपास दगावत. डॉ. बावस्कर रुग्णाच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब आणि श्वास यांची टिपणे ठेवीत गेले. अखेर हृदयावर पडणारा ताण आणि फुप्फुसात साचणारे पाणी हे मृत्यूचे कारण असल्याचे त्यांनी दाखविले. पहिला उपाय सापडला तो नायट्रोप्रुसाइड या द्रव्याचा, परंतु ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि रक्तदाबावर क्षणोक्षणी नजर ठेवावी लागते. खेड्यातील आरोग्य केंद्रात हे कसे साधावे? म्हणून त्यांनी त्याच दिशेने काम करणारी, तोंडावाटे देता येणारी प्राझोसिनची गोळी वापरून पाहिली. मृत्यूचे प्रमाण शेकडा एकापर्यंत उतरले. उपाय तोच, पण ज्या खोलीत तो करावयाचा त्या खोलीस झेपेल अशा रूपात. उपकरण योजणाऱ्यानेही नेमके हेच शिकावयाचे असते.

महाराष्ट्रात हे शिक्षण पद्धतशीरपणे देण्याचा जो प्रयत्न झाला आहे, त्याचे केंद्र पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्था आहे. तेथे जैववैद्यकीय अभियांत्रिकीचे स्वतंत्र विद्यालय 1988 साली सुरू झाले, आणि मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या काही अभियांत्रिकी महाविद्यालयांतही या शाखेची पदवी मिळू लागली. शिक्षण होते, संशोधनपर लेखही निघत होते. परंतु प्रयोगशाळेतील नमुना आणि रुग्णालयातील वापर यांच्यामधील दरी भरून निघत नव्हती. परीक्षा झाली की प्रकल्प कपाटात जाई. शिक्षकवर्गास हा अनुभव नवा नसेल.

2014 साली यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक बी. रवी यांच्या पुढाकाराने पवईस ‘बेटिक’ हे जैववैद्यकीय अभियांत्रिकी व तंत्रज्ञान नवप्रवर्तन केंद्र उभे राहिले. महाराष्ट्र शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाने त्यास अर्थसाहाय्य दिले, आणि पुणे येथील अभियांत्रिकी महाविद्यालय व नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था येथे त्याची उपकेंद्रे निघाली. केंद्राच्या कार्यपद्धतीतील मुख्य गोष्ट अशी की, कामाचा आरंभ कार्यशाळेत होत नाही. तो रुग्णशय्येपाशी होतो. यंत्र, विद्युत् आणि जैववैद्यकीय शाखांचे तरुण अभियंते व आरेखक रुग्णालयात जातात, शस्त्रक्रियागृहात उभे राहतात, बाह्यरुग्ण विभागात बसतात आणि डॉक्टर व परिचारिका यांना कोठे अडते ते टिपून घेतात. त्यांतून एकच गरज निवडावयाची, ती एका वाक्यात लिहावयाची, आणि त्या वाक्यात उपायाचे नावही येऊ द्यावयाचे नाही. हा नियम दिसतो तितका सोपा नाही. ‘परिचारिकेस बिनतारी यंत्र हवे’ हे गरजेचे वाक्य नव्हे. ‘रात्रपाळीच्या एकट्या परिचारिकेस वीस खाटांवरील श्वासाची गती वेळेवर कळत नाही’ हे गरजेचे वाक्य होय. पहिले वाक्य लिहिणारा विद्यार्थी आपल्याला आवडणारे यंत्र आधीच ठरवून बसलेला असतो.

त्यानंतर नमुना घडविणे, तो मोडणे, पुन्हा घडविणे, चाचण्या, परवाने आणि शेवटी उत्पादकाकडे हस्तांतर किंवा विद्यार्थ्यांनी स्वतःच उद्योग काढणे, असा क्रम लागतो. या केंद्रातून निघालेल्या उपकरणांत अंकीय स्टेथोस्कोपाचा उल्लेख करावा लागेल. साध्या स्टेथोस्कोपास जोडता येणारे हे साधन छातीतील आवाज मोठे करून बिनतारी पद्धतीने दूर पोहोचविते. 2020 च्या साथीत डॉक्टरांना रुग्णापासून अंतर राखणे भाग पडले, तेव्हा अशी सुमारे एक हजार साधने निरनिराळ्या रुग्णालयांकडे धाडण्यात आल्याचे वृत्त त्या वर्षी एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाले होते. दुसरे उपकरण मधुमेहींच्या पायांसाठी आहे. मधुमेह जुना झाला की तळव्यांची संवेदना हळूहळू जाते. काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि प्रसंगी पाय कापावा लागतो. भातखाचरात किंवा होडीवर अनवाणी काम करणाऱ्या माणसास हा धोका अधिक. पायाला मोजकी कंपने देऊन संवेदना कितपत शिल्लक आहे हे सांगणारे, हातात मावणारे साधन तेथील तरुणांनी सिद्ध केले. यांपैकी कोणतेही काम एका वर्षाच्या प्रकल्पात पुरे झालेले नाही, ही गोष्ट महाविद्यालयांनी ध्यानात घ्यावी.

अपयशाचेही शिक्षण द्यावे लागते, आणि ते आपल्या अभ्यासक्रमांत फार थोडे दिले जाते. अमेरिकेतील एका संस्थेने नवजात बालकांसाठी मोटारीच्या सुट्या भागांपासून ऊबपेटी योजिली. कल्पना अशी की, खेड्यात वैद्यकीय तंत्रज्ञ नसला तरी मोटार दुरुस्त करणारा असतोच : ऊब देण्यास मोटारीचे दिवे, हवा खेळविण्यास मोटारीतला पंखा, वीज गेल्यास मोटारीची बॅटरी. 2010 साली एका प्रख्यात अमेरिकी साप्ताहिकाने वर्षातील उत्कृष्ट शोधांत तिची गणना केली. परंतु ती पेटी कोणत्याही कारखान्यात तयार झाली नाही. रुग्णालयांसाठी खरेदी कोण करतो, दान कोण देतो, कारखानदारास परवडेल काय, हे प्रश्न उशिरा विचारले गेले, असे त्या संस्थेच्या प्रमुखांनी पुढे जाहीरपणे सांगितले. याच मंडळींनी मग व्हिएतनाममधील उत्पादकास सोबत घेऊन कावीळ झालेल्या नवजात अर्भकांसाठी निळ्या प्रकाशाचे यंत्र योजिले. या वेळी त्यांनी प्रत्यक्ष वॉर्डात काय घडते ते पाहिले होते. गर्दीच्या वॉर्डात एकाच दिव्याखाली दोन-तीन बाळे निजविली जातात आणि संसर्ग पसरतो. म्हणून त्यांनी पाळणाच एवढा ठेवला की त्यात एकच बाळ मावेल. सूचनाफलक लावण्याऐवजी वस्तूचा आकार बदलला. ते यंत्र कारखान्यात तयार झाले आणि रुग्णालयांत पोहोचले.

आपल्याकडील सर्वांत बोधप्रद अपयश मात्र तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा संस्थेचे आहे, कारण त्याचा शेवट यशात झाला. सांध्यांच्या तापामुळे बिघडलेली हृदयाची झडप बदलावयाची, तर परदेशी झडप गरीब कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तेथील शल्यचिकित्सक आणि अभियंते देशी झडप घडविण्यास प्रवृत्त झाले. हृदय मिनिटाला बहात्तर ठोके देते असे धरले, तर वर्षाकाठी 3 कोटी 78 लाखांच्या घरात ठोके होतात. म्हणजे दहा वर्षे टिकावयाची तर झडपेची चकती अडतीस कोटी वेळा उघडली व मिटली पाहिजे आणि ती एकदाही अडकता कामा नये. पहिले तीन नमुने चाचण्यांत टाकून द्यावे लागले. चौथा उतरला, 6 डिसेंबर 1990 रोजी ती झडप प्रथम रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली, आणि त्यानंतर एक लाखाहून अधिक रुग्णांना तिचा लाभ झाला आहे. तीन नमुने टाकून देण्याचे धैर्य आणि त्यासाठी लागणारा वर्षानुवर्षांचा पैसा, या दोहोंवाचून चौथा नमुना झाला नसता. उपकरणांवरील संशोधनाचा खर्च मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांनी दर मार्चअखेर फलनिष्पत्तीचा तक्ता मागताना ही गोष्ट आठवावी, एवढीच विनंती आहे.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र धैर्य नको, भित्रेपणाच हवा. हृदयाच्या अगदी निकट जाणाऱ्या उपकरणांतून रुग्णाच्या शरीरात झिरपणारी वीज सर्वसाधारण स्थितीत दहा मायक्रोअँपिअरच्या, म्हणजे एका अँपिअरच्या लक्षांश भागाच्या वर जाऊ नये, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. हाताला झटका म्हणून जाणवणारही नाही इतकी ही वीज. पण हृदयाला थेट लागली तर तीही जास्त होऊ शकते. 1985 ते 1987 या काळात अमेरिका व कॅनडात कर्करोगावरील किरणोपचाराच्या एका यंत्राने संगणक-आज्ञावलीतील चुकीमुळे सहा रुग्णांना मर्यादेच्या कितीतरी पट किरणे दिली. त्यांतील निदान तिघे दगावले. यंत्र पडद्यावर दोषाचा केवळ क्रमांक दाखवी. त्याचा अर्थ न कळल्याने चालक पुढे जाण्याची कळ दाबीत. दोष दाखविताना तो कोणत्या शब्दांत आणि कोणत्या भाषेत दाखवावयाचा, हेही आराखड्याचे काम आहे. मराठी माध्यमात शिकलेल्या परिचारिकेच्या हाती जाणाऱ्या यंत्रावर मराठीत सूचना असणे ही या दृष्टीने चैन नव्हे.

ज्या माणसांवर उपकरण वापरावयाचे, त्यांच्यावरच ते पारखले पाहिजे, याचा प्रत्यय साथीच्या काळात जगाला आला. बोटास लावून रक्तातील प्राणवायू सांगणारा ऑक्सिमीटर हे जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांच्या 1974 च्या शोधाचे फळ. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार जातात व त्यांच्या शोषणाच्या फरकावरून मोजणी होते. 2020 साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासात दिसले की, प्राणवायू धोकादायक पातळीवर उतरला असूनही ऑक्सिमीटरने तो ठीक दाखविल्याचे प्रसंग कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या सुमारे तिप्पट होते. उन्हात राबणाऱ्या किनारपट्टीवरील माणसांच्या त्वचेवर कोणते साधन किती खरे बोलते, हे तपासणे हा आपल्या विद्यार्थ्यांसाठी किती चांगला प्रकल्प आहे! त्यासाठी परदेशी जावे लागत नाही.

त्याच वर्षी देशातील असंख्य अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘व्हेंटिलेटर’ तयार झाले. हाताने दाबावयाची श्वासपिशवी मोटरने दाबण्याची योजना बहुतेकांनी केली. हेतू स्तुत्य होता, परंतु पिशवी दाबणे हा कृत्रिम श्वसनाचा सर्वांत सोपा भाग आहे; रुग्णाने स्वतः श्वास घेण्याचा प्रयत्न केला तर तो ओळखणे, दाब वाढला तर थांबणे, नळी निसटली तर तत्काळ इशारा देणे, हा खरा अवघड भाग. त्यामुळे यांतील फारच थोडे नमुने रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचू शकले. पुण्यातील नोक्का रोबोटिक्स या तरुण अभियंत्यांच्या उद्योगाने आय.आय.टी. कानपूरच्या मार्गदर्शकांचे साहाय्य घेऊन व्हेंटिलेटर सिद्ध केला, तेव्हा डॉक्टर, उद्योजक आणि पुरवठादार असे अनेक अनुभवी हात त्यांच्या पाठीशी होते. कायद्याचे ज्ञानही त्यात आले. वैद्यकीय उपकरण नियम 2017 हे 1 जानेवारी 2018 पासून अमलात आले आणि 1 एप्रिल 2020 पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली. जोखमीनुसार उपकरणांचे अ, ब, क, ड असे चार वर्ग आहेत. व्हेंटिलेटर तिसऱ्यात, हृदयाची झडप चौथ्यात. आपले उपकरण कोणत्या वर्गात पडते हे विद्यार्थ्यास पहिल्या महिन्यातच ठाऊक असावे. अंतिम वर्षाच्या तोंडी परीक्षेत ते विचारले जाते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आता आगरदांड्याकडे वळू. पवई, पुणे, नागपूर ही ठिकाणे येथून दूर आहेत, परंतु लोणेरे दूर नाही. माणगाव तालुक्यातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ 1989 साली स्थापन झाले आणि ते याच जिल्ह्यात आहे. अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. अभियंते तेथे, डॉक्टर येथे आणि या दोघांमध्ये सबंध किनारपट्टी. एवढे साहित्य हाताशी असताना उणीव आहे ती गरजा टिपून ठेवण्याची आणि त्या योग्य माणसांपर्यंत पोहोचविण्याची. हे काम स्थानिक मंडळीच करू शकतात.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत लोकप्रतिनिधी बसतात. समितीच्या सभेत औषधे, रंगरंगोटी, पाण्याची टाकी यांवर चर्चा होते. बंद उपकरणांचा विषय ‘दुरुस्तीस पाठविले आहे’ या एका वाक्यात आटोपतो. देखभालीच्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार उपकरणे जिल्हा रुग्णालयात 95 टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रात 90 टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात 80 टक्के काळ चालू स्थितीत असावीत, अशी अपेक्षा ठेवलेली आहे. सदस्यांनी ही टक्केवारी सभेत विचारावी. विचारण्यासाठी अभियंता असावे लागत नाही. मात्र ती मिळावयाची तर एक साधी नोंदवही ठेवावी लागेल : उपकरण कोणते, कोणत्या तारखेस बंद पडले, त्या दिवशी वीज गेली होती काय, पाऊस होता काय, कोणता भाग बदलला, चालू कधी झाले, आणि मधल्या काळात परिचारिकेने काम कसे निभावले. हा शेवटचा रकाना बहुतेक नोंदवह्यांत नसतो. अभियंत्याच्या दृष्टीने तोच मोलाचा. कारण परिचारिकेने चिंधी बांधून, दोरी लावून, दिवा टांगून केलेली सोय म्हणजे पुढच्या उपकरणाचा पहिला नमुना असतो.

शिक्षकांसाठी काम निराळे आहे. माध्यमिक शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी आणि पवनचक्की दर वर्षी येतात. त्यांच्याबरोबर आठवी-नववीच्या मुलांनी श्वासमापक करून मांडावा. मणी, तार आणि वाळू एवढेच साहित्य लागते. वाळू एका मिनिटात रिती व्हावी यासाठी भोक किती मोठे हवे, ओल्या हवेत ती अडकते काय, अडकत असेल तर काय करावे, हे शोधण्यातच त्या मुलांचे दोन आठवडे जातील. किनाऱ्यावरची वाळू ओलसर आणि खारी, ती बहुधा अडकेलच. मग ती धुऊन, वाळवून, चाळून पाहावी लागेल.

विद्यापीठातील किंवा महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी आरोग्य केंद्रात येऊन निरीक्षण करावयाचे, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी, रुग्णांची संमती आणि रुग्णाची ओळख गुप्त राखण्याचे बंधन या तीन गोष्टी आधी लेखी ठरवाव्या लागतील. ग्रामपंचायतीने निवासाची आणि जेवणाची सोय केली तर विद्यार्थी एका दिवसाची सहल न करता आठवडाभर राहू शकतील. रात्रपाळी पाहिल्यावाचून उपकरणांच्या अडचणी पुरत्या कळत नाहीत. आणि भेट शक्य तो जुलै महिन्यात ठरवावी. डिसेंबरात येथील हवा कोरडी असते, वीज सहसा जात नाही आणि यंत्रेही पुष्कळ बरी चालतात.